न ओळखलेली खिरापत

खिरापतकाकूंना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. भाजी निवडायची तर ओट्याशी उभं राहून, आणि तेही स्वस्थ नाही. एक पाऊल पुढे, एक मागे, मध्येच कुठलंसं गाणं आठवून टाळी, आणि टाळीबरोबर मेथीच्या काड्या ओट्याखाली. फोनवर बोलतानासुद्धा वायर पुरेल तेवढ्या जागेत त्यांचा फेर चालू असे. अंगाने चांगल्या भरभक्कम. जिन्यात समोरून आल्या तर आपण निमूट भिंतीला चिकटायचं. पण पावलांचा आवाज म्हणून नाही. साठीच्या बाईने इतकं हलकं चालणं बरं दिसत नाही, असं आमच्या माई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या. माईंना बऱ्या दिसणाऱ्या गोष्टी एकूणच कमी होत्या.

ही हकिकत नव्वदच्या पुढची-मागची. कर्वेनगरात आमची तीन मजल्यांची सोसायटी, लिफ्ट नाही, वर मोठी गच्ची. काकू दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. काकूंनी आयुष्यभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं आणि निवृत्त झाल्या-झाल्या त्यांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज फिरायला जा. काकू थोडे दिवस कॅनॉलच्या रस्त्याने गेल्या आणि एका सकाळी जिन्यातच मला थांबवून म्हणाल्या, "चपला घालायच्या, कुलूप लावायचं, आणि कुठेही न जाता परत यायचं. हे काय? माणसाने एक तर कुठे तरी जावं, नाही तर नाचावं."

त्या वर्षी नवरात्रात सोसायटीतल्या मुलींचा भोंडला होता. मुली मोजक्याच, त्याही आयांनी ढकललेल्या. पाटावर खडूने हत्ती काढलेला, भोवती फेर धरलेला, पण गाणी कोणालाच येईनात. काकू गाणी सांगायला म्हणून वर गेल्या आणि सांगता-सांगता फेरात शिरल्या. खाली आल्या तेव्हा पदर घामाने ओला, चेहरा लाल आणि कधी नव्हे ती सपाटून भूक लागलेली. रात्री झोपही अशी लागली, की काकांना वाटलं तब्येत बिघडली. दसरा झाला, मुली अभ्यासाला लागल्या, पण काकूंनी पाटावरचा हत्ती काही पुसला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारोदार जाऊन बायकांना सांगून आल्या, वर या, हत्ती एकटा आहे.

आता भोंडला हा मुलींचा खेळ, आणि तो नवरात्रात खेळायचा. कार्तिकात, मार्गशीर्षात आणि पुढे चैत्रात चाळिशी-पन्नाशीच्या बायका हत्तीभोवती फिरताहेत, हे पुण्यात कोणी पाहिलं नव्हतं. माईंनी तर पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला, की हस्त नक्षत्र सरलं की हत्ती उचलायचा असतो, आणि ज्या बाईला एवढं कळत नाही तिने आयुष्यभर मुलींना काय शिकवलं असेल. मी मात्र गेले. टेलिफोन खात्यातली माझी नोकरी म्हणजे दिवसभर कानाला यंत्र आणि बुडाला खुर्ची. पाठ अशी आखडायची, की घरी येऊन वाकले तर वर येताना ओट्याचा आधार लागायचा. शिवाय घरी माई होत्या. संध्याकाळी तासभर कुठेही जायला मिळालं असतं तरी मी गेलेच असते, हेही खरं आहे.

काकूंचा व्यायाम सोपा होता, पण त्यात ढिलाई नव्हती. हात धरायचे, उजवं पाऊल आत, टाळी, पाऊल बाहेर, आणि पुढे. गाणं जसं चढेल तसा फेर चढवायचा. गुडघेवालीने बाहेरून मोठा फेर घ्यायचा, बी.पी.वालीने फुगडी घालायची नाही, बाकी कोणाला कसलीही सूट नाही. घड्याळ त्यांनी कधी लावलं नाही. त्यांचं माप एकच. गाता येतंय तोवर चालू द्या, गाणं अडकलं म्हणजे दम लागला, हळू व्हा. तोंड उघडून गाताना आणि नाचताना आपण अशा काही दिसतो, की हसू येतंच. मग एकीला आलं की सगळ्यांना. कोणी हसण्यापायी खाली बसली तर काकू म्हणायच्या, "हसा, हसा. घाम हसून आला की जास्त येतो." ते खरं असावं. उन्हाळ्यापर्यंत माझे सगळे ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले, आणि ते काकूंनीच घेऊन दिले, मशीनवर पाय नाचवत.

सेक्रेटरी आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे तेही गच्चीखालीच. एके दिवशी जिन्यात पाटी लागली: गच्चीवर नाचण्यास सक्त मनाई आहे. काकूंनी ती वाचली आणि रोजच्यासारख्या वर आल्या. थोड्या वेळाने सेक्रेटरी आले, हातात चहाचा कप, कपात छताचा पांढरा पोपडा. पुरावाच आणला होता त्यांनी. बोलायला तोंड उघडलं आणि समोर बघतात तर फेरात त्यांच्याच सौ., पदर खोचलेला, डोळे मिटलेले, गळा मोकळा सोडून गाताहेत. नवऱ्याला बघूनही त्यांनी शेजारणीचा हात सोडला नाही. सेक्रेटरी कप घेऊन आले तसे खाली गेले. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली होती: गच्चीवर नाचणाऱ्यांनी चपला काढून नाचावे.

आणि खिरापत. भोंडला संपला की झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं, ओळखलं की उघडायचं, खायचं आणि घरी जायचं, हा सगळ्या मुलींना पाठ असलेला रिवाज. काकूंनी त्याला पुढे शेपूट जोडलं. चुकीचं नाव सांगितलं तर पुन्हा एक फेर. आणि ओळखलं नाही तर डबा उघडायचाच नाही, तो तसाच काकूंबरोबर खाली जाणार. डब्यात बहुधा मोड आलेली मटकी नाही तर काकडी असायची, शनिवारी मात्र खरोखरची खिरापत. कोणालाही सुचणार नाही असं काहीतरी काकू मुद्दाम करायच्या, आणि आम्ही चुकत-चुकत अर्धा तास जास्त नाचायचो. त्यांना हे नाव पडलं ते यामुळेच. दारावरच्या पाटीवर दुसरं नाव होतं, पण ते फक्त पोस्टमनच्या उपयोगाचं.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि माई पडल्या. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सळई घालून ऑपरेशन झालं, चांगलं झालं, डॉक्टरांनी सांगितलं, आता वॉकर धरून उठवा. माई उठेनात. व्यायाम शिकवायला एक गोड मुलगी यायची. ती म्हणायची, आजी, पाय उचला बरं. माई म्हणायच्या, तूच उचल, तुझा तरुण आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, की या वयात माणूस आता उठलं नाही तर मग उठत नाही. माझी रजा संपत आली होती. ह्यांची नोकरी फिरतीची. माई अंथरुणाला खिळल्या तर नोकरी मला सोडावी लागणार हे कोणी बोलत नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, माईंनाही. मला त्यांचा राग यायचा. मग एका दुपारी त्यांचे केस विंचरत असताना त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला उठायचं नाही असं नाही गं. मला पुन्हा पडायचं नाही." त्यानंतर मला रागही धड येईना.

मी गच्चीवर जाणं बंद केलं होतं, पण गच्ची डोक्यावरच होती. रोज संध्याकाळी छत धपधपायला लागायचं, आणि माई पडल्या-पडल्या कान लावायच्या. माहेर कोकणातलं, भोंडल्याची गाणी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने पाठ. काकू तर काय, शब्द आठवला नाही तर दुसरा घालायच्या, शेवटचं गाणं मध्येच घ्यायच्या. माई तळमळायच्या. "पुन्हा चुकल्या बघ. माहेरचं व्हायच्या आत सासरचं! पोरीची पाठवणी आधी आणि बारसं मागून!" औषधाची वेळ चुकली तर चालेल, पण हे नाही. एकदा जिन्यात काकू भेटल्या तेव्हा मी त्यांना विनवलं, की निदान गाणी नीट क्रमाने म्हणा, घरात फार त्रास होतो. काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. काय काय चुकतं म्हणाल्या, कुठलं गाणं कुठे हवं, पाऊल कुठे पडायला हवं म्हणतात, सगळं बारकाईने विचारून घेतलं. मला वाटलं, चला, एक कटकट मिटली.

त्या संध्याकाळी वर जो गोंधळ सुरू झाला त्याला तोड नाही. एक गाणं पुरं नाही, एक ओळ जागेवर नाही. पायांचा तालही उलटा. तीन-चार दिवस हे असंच. शेवटी माईंनी उशीवर हात आपटला आणि म्हणाल्या, मला वर ने, त्या बाईला एकदा सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

वेताच्या खुर्चीत बसवून ह्यांनी आणि सेक्रेटरींनी माईंना वर नेलं. माई वाटेत दोघांनाही, कोपरा कसा धरावा, पायरी कशी चढावी, हे शिकवत होत्या. गच्चीवर बायकांनी फेर धरलेला, मोकळी जागा काय ती मधली. काकूंनी पाट उचलून कडेला ठेवला आणि खुर्ची तिथे ठेवायला सांगितली. माईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"मला हत्तीच्या जागी बसवलंत?"

"त्याचं काय आहे माई," काकू म्हणाल्या, "पाटावरचा हत्ती सगळं ऐकून घेतो. आम्हाला जरा बोलणारा हवा होता."

माईंनी त्या दिवशी जे बोलायचं ते बोलून घेतलं. गाणी क्रमाने लावून दिली. काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकल्या. मग खुर्ची रोज वर जायला लागली. माई मध्ये बसून वॉकर जमिनीवर आपटायच्या आणि चुका काढायच्या, आणि मी पाहिलं, त्यांचं चपलेतलं पाऊल आपोआप ताल धरत होतं. ती गोड मुलगी महिनाभर हेच करा म्हणून सांगत होती.

मग एका संध्याकाळी काकूंनी पाऊल चुकवायला घेतलं. आत टाकायचं ते बाहेर, बाहेरचं आत. बाकीच्यांनाही तसंच करायला लावलं. माईंनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. काकू थांबल्या, कमरेवर हात ठेवले आणि इतक्या भोळेपणाने म्हणाल्या, की मलाही खरं वाटलं, "नाही कळत हो आम्हाला. दाखवता का?"

माईंनी वॉकर पुढे ओढला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि उठल्या. उजवं पाऊल आत टाकलं. टाळी वाजवता येत नव्हती म्हणून जिभेने 'च्' केलं. पाऊल बाहेर घेतलं, आणि वॉकर सरकवून एक पाऊल पुढे. "असं," म्हणाल्या. माझ्या तोंडून हुंदका निघणार तेवढ्यात काकूंनी माझ्याकडे असं डोळे वटारून पाहिलं, की तो मी गिळला. आणि मग काकू अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हं, आणि पुढचं?" माईंनी पुढचंही दाखवलं. खुर्चीत परत बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. खाली जाताना ह्यांना म्हणाल्या, उद्या जरा लवकर ने.

नंतर मी काकूंच्या घरी गेले, पायच धरणार होते, पण त्या कणीक मळत होत्या आणि जागेवर स्थिर नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पुण्यातल्या बाईला व्यायामासाठी उठवता येत नाही. चूक दाखवावी, की ती आपली आपण उठते." माझी नोकरी राहिली. पुढे माई फेरात आल्या. एका बाजूला माझा हात, दुसऱ्या बाजूने सेक्रेटरींच्या सौ. वॉकरचा दांडा धरायच्या. मग वॉकर कडेला गेला, काठी आली, आणि दसऱ्याच्या सुमारास काठीही पाटाजवळ पडून राहायला लागली. माईंनी चुका काढू नयेत म्हणून काकू नवीच गाणी रचायच्या:

गुडघा म्हणे राहू दे, टाच म्हणे जाऊ दे,
हत्तिणीच्या पायामधला वाळा मला पाहू दे.

हे कुठलं गाणं, माई विचारायच्या. आत्ताच झालं, काकू म्हणायच्या. मग त्यात कुठला क्रम आणि कुठली चूक? माईंची मोठी पंचाईत व्हायची.

पण माईंनी त्याची भरपाई दुसरीकडे केली. त्यांचं नाक. खिरापतीचा डबा जिन्यात असतानाच त्यांना आत काय आहे ते कळायचं. काकू डबा ठेवून हात पुसतात न पुसतात तोच माई नाव सांगून मोकळ्या, की खेळ संपला, चुकायला वावच नाही. काकूंचा सगळा व्यायाम बुडायला लागला. त्यांनी डबा ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिला, कडीच्या डब्यात घालून पाहिला. एका शनिवारी तर झाकणावर हिंगाचा खडा चोळून आणला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आज काहीतरी तिखट आहे. माईंनी एकदा वास घेतला आणि म्हणाल्या, हिंग वर आहे, आत नाही. आत लाल भोपळा आहे, गूळ आहे, कणीक आहे, आणि तळलंय शेंगदाण्याच्या तेलात. मग त्यांनी त्या पुऱ्यांचं नावही सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल. काकूंनी डबा उघडला, पहिली पुरी माईंच्या हातावर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचं नाक आहे की काय आहे, माई?" आयुष्यात कोणी केलेलं हे आपलं सर्वांत मोठं कौतुक, असं माई धरून चालल्या होत्या. आल्या-गेल्याला सांगायच्या, की या नाकाने एकही खिरापत चुकवलेली नाही.

वर्षं गेली. काका गेले. सोसायटीतल्या मुली लग्न होऊन गेल्या, त्यांच्या जागी सुना आल्या. काकूंच्या साखरेने पुन्हा डोकं वर काढलं नाही, पण हृदयाने काढलं. दुसऱ्या मजल्यावर येताना त्यांना दोनदा बसावं लागायला लागलं. काकू जिन्यात बसलेल्या मला दिसल्या, तेव्हा मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. डॉक्टरांनी जिना बंद केला. मुलगा कंपनीत मोठ्या जागेवर, त्याने हिंजवडीला चौदाव्या मजल्यावर घर घेतलेलं, दोन-दोन लिफ्ट. तो म्हणाला, आई, चल. काकूंना नाही म्हणता येईना. हिंजवडी म्हणजे पुणंच म्हणे. कर्वेनगरातून निघालेला माणूस वाकडच्या गर्दीत अडकून इतका वेळ बसतो, की तेवढ्यात लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन येईल. आम्ही सगळ्या म्हणालो, येत जाऊ हो भेटायला. सगळ्यांना माहीत होतं, किती येणं होणार ते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी सांगितलं, मला वर न्या. वेताची खुर्ची आमच्याच घरात होती. ह्यांच्यात आता तेवढा जोर नव्हता, काकूंच्या मुलाने आणि त्याच्या मित्राने उचललं. पाट बाजूला करून खुर्ची मध्ये ठेवली. "आता मी हत्ती," काकू म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्या मांडीवर नेहमीचा डबा होता. आम्ही फेर धरला. माई ऐंशीच्या घरात, माझा हात धरून, उजवं पाऊल आत, टाळी, पाऊल बाहेर. काकू बसून टाळ्या वाजवत होत्या, गाणी एकापाठोपाठ एक सांगत होत्या, आणि क्रमाने. एकही चूक नाही. माईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ते आवडलं नाही.

गाणी संपली. काकूंनी डबा हलवला आणि विचारलं, ओळखा. काही हिंग लावला नव्हता, फडकं गुंडाळलं नव्हतं. झाकण तर नीट बसलेलंही नव्हतं. गूळ, भोपळा आणि गरम तेलाचा वास सगळ्या गच्चीवर पसरलेला. कालपरवा आलेल्या सुनेलाही कळलं असतं. सगळ्या माईंकडे बघायला लागल्या. माई पुढे झाल्या, डब्याशी वाकल्या, डोळे मिटून खोल वास घेतला आणि म्हणाल्या, "चकली."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकलं. फेर धरा."

आम्ही फेर धरला. तो झाल्यावर सेक्रेटरींच्या सौ. म्हणाल्या, भेळ. फेर. मी म्हणाले, साबुदाण्याची खिचडी. फेर. कोणी म्हणालं श्रीखंड, कोणी म्हणालं उकडीचे मोदक. काकूंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या, आणि दर खेपेला त्याच आवाजात सांगत होत्या, चुकलं, फेर धरा. दिवे लागले. मुलगा खालून दोनदा हाक मारून गेला. शेवटी काकू म्हणाल्या, "माई, नाक गेलं की काय तुमचं?" आणि माई, ज्यांनी आपलं वय कधी कोणाला नीट सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "वय झालं हो. आता नाही कळत."

"मग राहिलं," काकू म्हणाल्या. "ओळखलं नाही तर उघडायचा नाही." त्यांनी झाकण दाबून बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी तो डबा मांडीवर घेऊनच गाडीत बसल्या.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी फोन आला. काकू होत्या. ओळखलं का, म्हणून माईंना विचारत होत्या. माई म्हणाल्या, कडबोळी. तिकडून उत्तर आलं असणार, कारण माईंनी फोन माझ्या हातात दिला आणि पलंग, टेबल, खुर्ची असा धरत-धरत खोलीभर एक फेर घातला. मग पुन्हा फोन घेऊन म्हणाल्या, "आता तुम्ही घाला. डॉक्टरांनी जिना बंद केलाय, जमीन नाही." पुढे हा दर शनिवारचा नेम झाला. इकडे माई, तिकडे चौदाव्या मजल्यावर काकू, एक चुकीचं नाव आणि दोघींचे दोन फेर. एकदा माईंनी विचारलंही, ते आतलं खराब झालं असेल ना एव्हाना? काकू म्हणाल्या, तो माझा प्रश्न, तुम्ही ओळखा. तिथल्या शेजारच्या फ्लॅटमधल्या दोन मुली, कंपनीत दिवसभर खुर्चीला चिकटलेल्या, शनिवारी त्यांच्याबरोबर फेर धरायला लागल्या आहेत, असंही त्यांनी एकदा सांगितलं. पाट नव्हता म्हणून मध्ये हत्ती म्हणून काय ठेवलं, तर कपडे धुवायचं मशीन. डॉक्टरांनी जेवढे दिवस धरले होते त्याहून काकू पुष्कळ जास्त राहिल्या.

मग एका शनिवारी फोन त्यांच्या सुनेचा आला. माईंनी ऐकून घेतलं, हो म्हणाल्या, फोन ठेवला. मी जवळ जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता तरी त्या नाव घेतील. माई उठल्या, पलंगाला हात लावला, टेबलाला लावला, खुर्चीला लावला. फेर पुरा करून खाली बसल्या आणि मग रडल्या.

त्यानंतर माई आणखी काही वर्षं होत्या, शेवटपर्यंत आपल्या पायांवर. भोपळा आणि गूळ घालून त्या पुऱ्या घरात होतच राहिल्या, माईंना आवडायच्याच. ताटात आल्या की त्या म्हणायच्या, "ते भोपळ्याचं वाढ गं अजून एक." ते नाव त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. एवढी चोख जिभेची बाई, पण नाही घेतलं. आता गच्चीवर मी मध्ये डबा ठेवते. साठी उलटली, पाठ ताठ आहे, साखर नाही, ब्लाउज जुनेच बसतात. शनिवारी कधीकधी डब्यात तेच असतं. नव्या मुली हुशार, पहिल्याच खेपेला नाव सांगतात.

मी म्हणते, चुकलं. फेर धरा.